म्हणायची कविता

‘शिवकल्याण राजा’ आज पुन्हा लावली. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली, त्या १९७४ सालची ही ध्वनिमुद्रिका. हृदयनाथांचं संगीत, लताबाईंचा स्वर, बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. त्यात समर्थ रामदासांचे शब्द आले की माझ्यातला जालनेकर ताठ होऊन बसतो. हा कवी आमच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा. १६०८ साली रामनवमीला जन्मलेला नारायण सूर्याजी ठोसर.

एवढ्या जुन्या ओळी चालीत इतक्या सहज कशा बसतात? मला वाटतं, त्या मुळात कागदासाठी नव्हत्याच. मनाच्या श्लोकांची परंपरेतली कथा हेच सांगते. चाफळच्या रामनवमी उत्सवासाठी शिधा हवा होता. समर्थांनी श्लोक सांगितले आणि शिष्य ते दारोदारी म्हणत भिक्षेला निघाले. एकूण २०५ श्लोक, वृत्त भुजंगप्रयात. एक लघु, दोन गुरू, असं चरणात चारदा. म्हणून बघा, चालताना पाऊल आपोआप ठेका धरतं.

करुणाष्टकांची प्रेरणा वेगळी. तिथे श्रोता एकच, राम. म्हणून आवाज आतला, आर्जवी. शिवरायांना उद्देशून लिहिताना तोच कवी विशेषणांची रांग लावतो, दरबारात उभं राहून बोलावं तसा. संगीतकाराला वेगळं काय शोधायचं? कुणाशी बोलायचं, हे कवीनंच ठरवून ठेवलंय.

आपण मात्र समर्थांना पाठांतर स्पर्धेपुरतं उरवलंय. घरात एकदा तरी त्यांचे श्लोक मोठ्यानं म्हणा, तेही बक्षिसाविना.