टाचेचा छेद

टाचेची कातडी ज्याने स्वतः मायक्रोटोमवर कापली आहे, त्याला तिचा हट्ट निराळा सांगावा लागत नाही. वरचा शृंगीस्तर कठीण, त्याखालच्या काटेरी पेशींचे थर मऊ, आणि त्याहूनही खाली अंतस्त्वचेचे चिवट तंतुजाल, या तिघांना एकाच पात्याने 5 मायक्रॉनांच्या एकाच जाडीत उतरवायचे असते. वरचा थर साधावा तर खालचा फाटतो, खालचा साधावा तर वरचा सुटून कोमट पाण्यावर वेगळाच तरंगतो. मेणाचा ठोकळा फिरवून बसवला, गार पाण्यात भिजवला, बर्फावर ठेवला, तरी अखेरचा भार हातावरच येतो. आणि माझा हात गेल्या वर्षापासून थरथरू लागला आहे.

म्हणूनच प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्या मुलीला हे काम शिकवणे मला भाग पडले. पाठीच्या त्वचेचा माझा एक जुना छेद तिला दाखवीत होतो, शृंगीस्तराची टोपलीसारखी मोकळी वीण पाहून तिने विचारले, "सर, जिवंत कातडीत ही अशीच असते का?"

नसते. फॉर्मालिन, अल्कोहोल आणि झायलीन यांतून जाताना पेशींमधील स्निग्धांश निघून जातो, थर विलग होतात, आणि ती वीण उमलते. गोठवून कापलेल्या त्वचेत त्याच चपट्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात. फार काय, काटेरी पेशींचे काटेदेखील पेशी आकसल्यावर, जिथे त्या परस्परांना जखडलेल्या असतात तेवढ्याच ठिकाणी ताणले जाऊन ठळक होतात. हे मला ठाऊक होते. तरी पाहुण्या डॉक्टरांसमोर सर्वांत सुरेख विणीची काच काढून ठेवण्याचा, आणि रसायनांच्या करणीची वाहवा आपल्या हाताच्या नावे जमा करण्याचा मोह मी कित्येक वर्षे आवरला नाही.

टाचेत ही वीण नसते. तिथला शृंगीस्तर घट्टच राहतो, म्हणून माझ्या मते कारागिराची खरी परीक्षा तिथेच होते. चामड्याच्या पट्ट्यावर पाते लावण्यात आमच्या सकाळी जात. एकदा वापरून टाकायची पाती आल्यापासून धारेची ओळखच मोडली, आणि जाड छेदावर समाधान मानणारे वाढले, ही माझी तक्रार आजही कायम आहे.

परंतु मुलीने तसल्याच पात्याने गेल्या आठवड्यात टाचेचा छेद उतरवला. मी तो सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि प्रथम दोष शोधला. कणिकामय स्तराजवळ एक बारीक सुरकुती सापडली, ती तिला दाखवली. वरचा शृंगीस्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होता; ते मात्र तिने विचारेपर्यंत मी बोललो नाही.