सॅव्हेजने उचललेला दोर

आमच्या कोल्हापूरच्या घरात कुस्तीचं वेड पिढीजात. मामा तालमीत वाढलेले, खासबागच्या मैदानातल्या गाजलेल्या जोड्या त्यांना तोंडपाठ. अशा घरात व्हिडिओ लायब्ररीतून भाड्याने आणलेली ‘रेसलमेनिया सात’ या अमेरिकी कुस्ती-कार्यक्रमाची कॅसेट लागली. मामा थोडा वेळ बसले, ‘नुरा आहे रे सगळी, आधीच ठरवलेली’ म्हणाले आणि उठले. आम्ही भावंडं हललो नाही. पुढे केबल आली, त्या मल्लांची ट्रम्प कार्डं आली, अंडरटेकरच्या कार्डासाठी वर्गात मारामाऱ्या झाल्या. तो कार्यक्रम मात्र मी कॉलेजात असताना, नोकरीला लागल्यावर आणि आता मोबाइलवरही पाहत आलोय. दर वेळी त्यातलं काहीतरी गळून पडतं.

सगळ्यात आधी गळली ती शेवटची फाइट. २४ मार्च १९९१, लॉस एंजेलिस, हल्क होगन विरुद्ध सार्जंट स्लॉटर. स्लॉटर एके काळी अमेरिकी सैनिकाच्या वेशातला लाडका मल्ल. आखाती संकट चिघळलं तसं कुस्ती भरवणाऱ्या कंपनीने त्याला इराकचा पाठीराखा केलं, जोडीला जनरल अदनान दिला आणि जानेवारीत अजिंक्यपदाचा बेल्टही त्याच्या कमरेला बांधला. आता होगनने झेंडा घेऊन यायचं, रक्तबंबाळ व्हायचं आणि सद्दामच्या माणसाला लोळवायचं. युद्ध तर फेब्रुवारीअखेरच थांबलं होतं. कार्यक्रम आधी कोलिझियमच्या अवाढव्य स्टेडियममध्ये होणार होता, तो शेजारच्या सोळा हजारांच्या बंदिस्त सभागृहात हलवला. कंपनीने सुरक्षेचं कारण पुढे केलं. तिकिटं खपली नव्हती, हे मला जास्त पटतं.

त्याच संकटात, १९९० साली, कुवेतमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणलं. आमच्या गल्लीतले एक काका त्यांत होते. वाळवंटातून बसने अम्मान, तिथून विमानाने मुंबई. हातात एक बॅग, बाकी सगळी कमाई तिकडेच. संध्याकाळी ते आमच्याकडे यायचे, बशीत ओतलेला चहा गार होईपर्यंत तसाच धरून बसायचे. त्यांना पाहिलेल्या माणसाला स्लॉटरचा तो इराकी थाटाचा गणवेश बघवत नाही. मामांची नुरा मला कधीच खुपली नाही. नाटकाचा शेवटही लिहिलेलाच असतो. माणसं खरोखर मरत होती आणि त्या मरणावर यांनी तिकीट लावलं, हे खुपतं.

  

टिकली ती रँडी सॅव्हेज आणि अल्टिमेट वॉरियरची फाइट. हरेल त्याने निवृत्त व्हायचं, अशी अट. सॅव्हेज दोरांवर चढून वॉरियरच्या छातीवर कोपर घालतो, एकदा नाही, लागोपाठ पाच वेळा, आणि तरी वॉरियर उठतो. सॅव्हेज हरतो. त्याची मॅनेजर शेरी पडलेल्या माणसाला लाथा घालते. तेवढ्यात प्रेक्षकांत बसलेली त्याची आधीची मॅनेजर मिस एलिझाबेथ धावत येते आणि शेरीला केस धरून बाहेर फेकते. सॅव्हेज सावरतो, तिला ओळखतो. वर्षानुवर्षं रिंगमध्ये येता-जाता त्याच्यासाठी दोर ती फाकवून धरायची. सवयीने ती आजही पुढे होते. तो मान हलवतो आणि तिच्यासाठी स्वतः दोर उचलतो. कॅमेरा गर्दीत फिरतो, तर बाया-माणसं ढसाढसा रडताहेत. हे सगळंही ठरवलेलंच होतं. ती दोघं तर १९८४ पासून नवराबायको होती. तरी तो क्षण मला दर वेळी धरून ठेवतो, कारण शरीराने गोष्ट सांगायची विद्या या माणसांना पक्की येत होती.

त्या विद्येची किंमतही शरीरांनीच मोजली. त्या रात्री उतरलेला केरी व्हॉन एरिक १९८६ च्या मोटरसायकल अपघातानंतर कापावं लागलेलं पाऊल बुटात लपवून लढायचा. ३३ व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. ब्रिटिश बुलडॉग ३९ व्या वर्षी गेला, बिग बॉस मॅन ४१ व्या, मिस्टर परफेक्ट ४४ व्या. एलिझाबेथ ४२, शेरी ४९, वॉरियर ५४, सॅव्हेज ५८. आजही ती कंपनी आपल्या मल्लांना कर्मचारी मानत नाही, स्वतंत्र कंत्राटदार म्हणते. त्या रात्रीच्या कॅसेटी, खेळणी, कार्डं ती इतकी वर्षं विकत आली. निदान त्यांच्या दवाखान्याचा खर्च आणि म्हातारपणीचं पेन्शन तिने केव्हाच द्यायला हवं होतं.