माणदेशातून कृष्णाकाठी : ताज्या भाजीच्या मागावर

खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्याकडे निघालेल्या प्रवाशाला समोरून क्रेटांनी भरलेल्या गाड्या येताना दिसतात आणि कोरेगावचे आले, सांगलीकडचा भाजीपाला पुण्याच्या गुलटेकडीकडे व वाशीकडे चालल्याची जाणीव होते; मात्र याच महामार्गालगतच्या सातारा, कराड, सांगली या शहरांच्या नव्या वसाहतींत सकाळी तोडलेली भाजी संध्याकाळी कशी पोहोचते, हे पाहायचे तर महामार्ग सोडून आडवाटेला लागावे लागते.

साताऱ्यात ही साखळी अगदी आखूड आहे, कारण डोंगराकडच्या गावांतील बायका पाटी घेऊन थेट शहरात येतात. श्रावणाच्या सुमारास त्यांच्याकडे भारंगी, कुर्डू, चिगळ अशा रानभाज्या, म्हणजे पेरणी न करता पावसावर उगवणाऱ्या भाज्या, असतात. चिगळीची मांसल, आंबूस पाने दुपारच्या उन्हात मलूल होतात, त्यामुळे हा माल मोठ्या बाजाराच्या सौद्यापर्यंत, म्हणजे लिलावापर्यंत, टिकूच शकत नाही. कृषी विभागाने 2020 पासून रानभाजी महोत्सव भरवायला सुरुवात केली. तो उपक्रम स्वागतार्ह असला, तरी या बायकांना वर्षातून एकदा मिळणाऱ्या मंडपापेक्षा रोजची बसायची हक्काची जागा अधिक मोलाची आहे.

भाजी थेट गिऱ्हाइकाला विकण्याच्या संघटित प्रयत्नांची पार्श्वभूमी मात्र कायद्यात आहे. 1963 च्या राज्य कायद्यानुसार शेतमालाचा घाऊक व्यवहार बाजार समितीच्या आवारात होत असे आणि अडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या मध्यस्थाचे कमिशन, शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, कापले जाई. 2016 मध्ये फळे व भाजीपाला नियमनमुक्त झाला, अडतीचा भार खरेदीदाराकडे गेला आणि त्याच वर्षी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचे अभियान सुरू केले. अशाच थेट विक्रीच्या बाजारांपैकी पंजाबातील अपनी मंडी 1987 ची, तर आंध्रातील रयतू बाजार आणि तमिळनाडूतील उळवर संदै 1999 चे. म्हणजे महाराष्ट्र या वाटेवर बराच उशिरा आला.

साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले असा पूर्वेकडे जाणारा रस्ता जसजसा पुढे सरकतो, तसतशी उसाची हिरवाई मागे पडून माळरान सुरू होते आणि वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पावसाच्या माणदेशात म्हसवड लागते. येथे 1997 मध्ये चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिचा भाजीशी संबंध वरवर दूरचा वाटतो, पण पहाटे माल उचलायला लागणारे भांडवल सावकाराकडून घेतले, तर दिवसाचा नफा व्याजातच जातो, हे लक्षात घेतले की बाजारकरणीच्या दारापर्यंत जाणारी बँक हीच या साखळीतील पहिली कडी ठरते.

दिघंचीवरून आटपाडीकडे वळल्यावर पाणी भेटते. कराडजवळच्या टेंभू येथे उचललेले कृष्णेचे पाणी उपसा योजनेने या दुष्काळी टापूत पोहोचले आणि ज्वारी-बाजरीच्या रानात डाळिंबाबरोबर भाजीपालाही दिसू लागला.

तासगावची द्राक्षे मागे टाकून सांगलीत शिरल्यावर चित्र पालटते. शहराला खेटूनच असलेल्या, कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूरची प्रसिद्धी हळदीच्या पेवांची, म्हणजे जमिनीखालच्या साठवणखड्ड्यांची, होती. त्यांतील अनेक पेवे 2005 च्या महापुरात निकामी झाली. कृष्णाकाठची वांगी ज्या मळीत, म्हणजे नदीने गाळ आणून टाकलेल्या जमिनीत, पिकतात, ती मळी 2019 आणि 2021 च्या पुरांत पाण्याखाली गेली, म्हणजे शहराजवळची सर्वांत सुपीक जमीन हीच सर्वांत बेभरवशाची. या वांग्याचा ताजेपणा गिऱ्हाईक रंगावरून ठरवत नाही. देठ हिरवा असून त्यावरचे काटे बोटाला टोचले, तरच ते वजनकाट्यावर चढते.

2020 च्या टाळेबंदीत शेतकऱ्यांच्या गटांनी भाजीच्या टोपल्या बांधून थेट सोसायट्यांच्या फाटकापर्यंत नेल्या आणि मधला माणूस गेला, अशी भाषा सुरू झाली. ती फसवी होती. मधला माणूस गेला, तरी प्रतवारी, टेम्पोची सोय, सुट्या पैशांची जुळवाजुळव आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस ही त्याची कामे उरतातच, आणि ती आता शेतकऱ्यालाच, बहुतेकदा त्याच्या घरातील बाईला, करावी लागतात. गट मोठा असेल, तर एक जण तोड सांभाळतो, दुसरा गाडी, तिसरा विक्री. गट विस्कटला की उत्साह दोन-चार आठवड्यांत ओसरतो. खरी परीक्षा संध्याकाळी होते. मेथीच्या पेंढ्या उरल्या की त्या पडत्या भावाने फेरीवाल्याला द्याव्या लागतात, नाहीतर परत नेऊन जनावरांपुढे टाकाव्या लागतात. म्हणूनच मुरलेले गट निम्माच माल आठवडे बाजारात आणतात आणि उरलेला, जुनी ओळख न तोडता, सौद्याला अडत्याकडे पाठवतात.