पहिल्या तीन सुऱ्या

मराठींत पात्याला पाणी देतात, पाणी पाजतात, आणि वापरून वापरून तें उतरलें म्हणजे पुन्हा चढवितात. माणसांनाही आपण ह्याच मापानें मोजतों. कुणाचें पाणी जोखतों, कुणाला पाणी दाखवितों, आणि एखादा पोर पाणीदार निघाला म्हणून कौतुक करतों. हें सारें पाणी एका लोहाराच्या बादलींतून आलें असें आमचें म्हणणें नाहीं. मोत्यालाही पाणी असतें, आणि त्याचा भट्टीशीं कांहीं संबंध नाहीं. पण हे शब्द बोलतांना आपल्यापैकीं कितीजणांनीं पात्याला पाणी देतांना पाहिलें आहे?

आम्ही रसायनशास्त्राचे अध्यापक. लोखंड आणि कर्ब ह्यांच्या मिश्रणाची ती सुप्रसिद्ध आकृति आम्ही वर्षानुवर्षें फळ्यावर काढीत आलों. तींतील ७२७ अंशांची आडवी रेघ डोळे मिटूनही काढूं. त्या रेघेच्या वर पोलादांतील अणूंची मांडणी बदलते, तेथून तें एकदम थंड केलें तर कर्बाला बाहेर पडावयास अवधि मिळत नाहीं, तो जागच्या जागीं अडकतो आणि पोलाद कठीण होतें, असें आम्ही सांगूं लागलों कीं पुढल्या बांकांवरचीं मुलें तें लिहून घेत आणि मागल्या बांकांवरचीं खिडकीबाहेर पाहत. ह्या मागल्या बांकांविषयीं आम्हांस पुढें मोठा आदर वाटूं लागला. कारण खिडकीबाहेर, साखर कारखान्याच्या रस्त्यावर, हीच गोष्ट एक मनुष्य रोज करीत होता.

त्यांना सारें गांव मामा म्हणे. गांव कोल्हापूरकडचें, भोंवतीं सगळा ऊस. दिवाळीच्या सुमारास तोडणीच्या टोळ्या येतात, त्यापूर्वीं कोयत्यांच्या थप्प्या तयार लागतात; त्यामुळें श्रावणापासून मामांना मान वर करावयास सवड नसे. ट्रकच्या जुन्या कमानीचे पाटे भंगारांतून आणावयाचे, तापवून तोडावयाचे आणि त्यांचे कोयते काढावयाचे, हा त्यांचा धंदा. कमानीच्या पोलादांत शेंकडा अर्ध्याहून कांहींसा अधिक कर्ब असतो. तेवढ्यानें तें पाणी धरतें, आणि धरूनही चिवट राहतें. घर बांधावयाच्या सळईला दहा वेळां बुडवा, ती मऊ ती मऊच. मामांना कर्ब ठाऊक नव्हता. ते पाट्याचा तुकडा ग्राइंडरवर टेकवीत, उडणाऱ्या ठिणग्यांकडे पाहत, आणि "ह्यात जीव हाय" किंवा "ह्यात न्हाई" एवढें सांगत. कर्ब जितका अधिक तितक्या ठिणग्या अधिक फुटतात, हें आमच्या पुस्तकांतही आहे.

त्यांच्याकडे आम्ही प्रथम गेलों तें विळीचें पातें घेऊन. सायकलवर चाक बांधून फिरणारा धारवाला येईनासा झाला होता आणि घरांत ह्या विषयावर बोलणीं खावीं लागत होतीं. साल २०११, शिमगा नुकताच झालेला. हंगाम संपत आला कीं मामांची भट्टी थंडावे, आणि आमची उन्हाळ्याची सुटीही त्याच दिवसांत पडे. "एक सुरी आम्हांस करूं द्याल काय?" असें आम्हीं विचारलें, तेव्हां ते बराच वेळ आमच्या हातांकडे पाहत राहिले. तोंडाकडे पाहिलें असतें तर बरें झालें असतें.

आमच्या घराण्यांत तीन पिढ्या मास्तरकी. आजोबांच्या वेळीं बलुत्याचें धान्य न्यावयास लोहार खळ्यावर येई, आणि त्याची हकीकत आम्हीं लहानपणीं ऐकली आहे. परंतु त्या तीन पिढ्यांत कुणीं ऐरणीला हात लावल्याचें ऐकिवांत नाहीं. औत मोडलें तर त्याच्याकडे माणूस पाठवावयाचा, आणि सुगीला पायली-दोन पायली द्यावयाची, एवढाच संबंध. पोथी एका आळींत आणि ऐरण दुसऱ्या, अशी वांटणी आपल्याकडे झाली, आणि तिच्यांत ऐरणीचें काय झालें हें सर्वांना दिसतें. पोथीचें काय झालें ह्याविषयीं कमी बोललें जातें.

पहिले आठ दिवस मामांनीं आम्हांस भट्टीचा पंखा फिरवावयास लावलें. नंतर हातोडा मिळाला. त्यांचा स्वतःचा हातोडा मात्र नव्हे. त्याच्या तोंडाचा एक कोपरा उडालेला होता, तरीही तो त्यांच्या वडिलांचा म्हणून त्यांनीं घांसून सारखा केला नव्हता. आणि त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना चालत नसे.

आमची पहिली सुरी कमानीच्या एका वीतभर तुकड्याची. ती आजही आमच्या टेबलावर कागद दाबून धरण्याचें काम इमानानें करते. तिची पाठ पांच मिलिमीटर जाड आहे, आणि पाठीपासून धारेपर्यंत ती बारीक होण्याची फारशी घाई करीत नाहीं. धार मात्र तिला उत्तम आली होती. घरीं आणली, तिच्या हातीं भोपळा दिला, आणि ओट्यापाशीं लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला. "ही भोपळा चिरीत नाहीं, फोडते," असा सौभाग्यवतींचा अभिप्राय पडला. तो आम्हीं मामांना कळविला तेव्हां ते म्हणाले, "धार काय कुनीबी लावंल, सर. धारेच्या मागं काय हाय ते बघायचं." चिरण्याचें काम धारेचें, पण धार आंत शिरल्यावर तिच्या मागून जें येतें त्यालाही वाट लागते, आणि तें जाड असेल तर भाजी चिरली न जातां दुभंगते. आमच्या आजीची विळी इतकी सहज चाले त्याचें इंगित हेंच होतें. तिचें पातें पिढ्यान्‌पिढ्या घांसलें जाऊन कागदासारखें झालें होतें.

दुसरी सुरी म्हणून आम्हीं पातळ घडविली. तिनें निराळाच चमत्कार दाखविला. पातळ पातें एकदम निवतांना दोन्ही अंगांनीं सारखें निवत नाहीं, आणि आंतली ओढाताण त्याला वांकवून टाकते. लालबुंद पातें सांडशींत सरळ गेलें आणि बाहेर आलें तें द्वितीयेच्या चंद्रासारखें. ह्यापुढें जें झालें तें आम्हीं कोणत्याही पुस्तकांत वाचलें नव्हतें. मामांनीं तें हातांतून ओढून घेतलें, दोन ओंडक्यांच्या फटींत घातलें, आणि अंगठ्यानें दाबून सरळ केलें. पाण्यांतून निघाल्यापासून ह्या साऱ्याला चार-पांच श्वासांहून अधिक वेळ लागला नाहीं. पातें पुरतें निवेपर्यंत त्याची कठीण होण्याची क्रिया पुरी होत नाहीं, आणि तेवढ्या अवधींत तें सांगितलेलें ऐकतें. एकदां निवलें कीं तुटेल पण वांकणार नाहीं. आम्ही हें शास्त्र त्यांना सांगूं लागलों. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि फुटका अंगठा पाण्यांत घातला. पातें तेव्हां हाताला सोसवेल इतकें निवलें नव्हतें.

वाचकांस एक सांगावयाचें राहिलें. मामांचें सुरीचें पाणी हें पाणी नव्हेच. तें पत्र्याच्या डब्यांतलें जळकें इंजिन ऑईल. कमानीचें पोलाद खऱ्या पाण्यांत बुडविलें तर तडकण्याचा संभव असतो, म्हणून तें सावकाश निववावें लागतें. पण त्या काळ्या तेलालाही ते पाणीच म्हणत.

तिसरी सुरी मे महिन्याच्या अखेरीस झाली. दिवस मावळल्यावर, मुद्दाम. भर उन्हांत तापलेल्या लोखंडाचा रंग डोळ्यांना फसवितो; सांजवेळीं मात्र लाल, केशरी आणि पिंवळा हे निरनिराळे दिसूं लागतात. आम्ही बरोबर एक लोहचुंबक नेला होता. सुमारें ७७० अंशांवर लोखंड चुंबकाला ओळखीनासें होतें, आणि त्याच्या थोडेंसें वर नेलें म्हणजे पाणी देण्याची वेळ झाली, असा तो सोपा हिशोब. मामांना त्याची गंमत वाटली. त्यांनीं पातें निखाऱ्यांतून काढलें आणि म्हणाले, "चुंबक ठेवा. ह्यात सावली बघा." आणि खरोखरच त्या लाल पात्यांत एक अंधुक सावली टोंकाकडून मुठीकडे सरकत होती. पोलादाची मांडणी बदलतांना तें उष्णता गिळतें, म्हणून तेवढा भाग क्षणभर काळसर दिसतो. सावली निघून गेली कीं मांडणी पुरी बदलली. फळ्यावर काढलेली आमची आडवी रेघ आम्हीं त्या संध्याकाळीं प्रथमच सरकतांना पाहिली.

त्यापूर्वीं, शेवटच्या तावाला, पातें मुठीजवळ किंचित् मुरडलें होतें. मामांनीं आपला हातोडा घेतला, दोन ठोके मारले, आणि पुन्हा आमच्या हवालीं केलें.

पाणी दिलेलें पातें कांचेसारखें ठिसूळ असतें. कानस त्यावरून घसरते, आणि तें खालीं पडलें तर फुटूं शकतें. त्याचा हट्ट थोडा उतरवावा लागतो. मामांनीं विटेच्या तुकड्यानें एक बाजू घांसून चकचकीत केली आणि पातें पाठीकडून एका तापल्या ठोकळ्यावर टेकविलें. मग त्या चकाकीवर रंग चढूं लागले: फिका पिंवळा, सोनेरी, तांबूस, जांभळा, निळा. पावसांत रस्त्यावर सांडलेल्या रॉकेलवर जे रंग दिसतात तेच हे, आणि कारणही तेंच; हवेनें धरलेला पापुद्रा जसजसा जाड होतो तसतसा रंग बदलतो. कोयत्याला जांभळ्यापर्यंत जाऊं द्यावयाचें, कारण त्याला दिवसभर उसाचे घाव सोसावयाचे असतात. सुरीला वाळल्या गवताच्या रंगावर थांबवावयाचें. त्या रंगाला सुमारें २३० अंश लागतात. मामा हे अंश मोजीत नसत, पण त्यांचा कोयता परत आल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. टोळींतल्या माणसाला अंगावर घेतलेली उचल फेडावयाची असते; ज्याचा कोयता बोथटतो त्याची मोळी कमी भरते, आणि तो पुढल्या वर्षीं दुसऱ्या लोहाराकडे जातो. आमची सुरी बिघडली असती तर एक भोपळा वांचला असता. "तुमचं हौसंचं, आमचं पोटाचं," असें मामा एकदां म्हणाले होते. त्यांत हेटाळणी नव्हती. दोन पोलादांतला फरक सांगावा तसें ते सांगत होते.

मूठ शिसवीची केली. बुडाशीं साम बसविली, पात्याचें शेंपूट तापवून लाकडांत जाळीत शिरविलें, आणि भेगेंत लाख ओतली.

पातें निवत होतें तेव्हां आम्हीं त्यांना फॅरडेची गोष्ट सांगितली. आपल्या दक्षिणेंत मातीच्या लहान मुशींत लोखंड आणि लांकूडपाला घालून एक पोलाद करीत. त्यांत कर्ब शेंकडा दीडच्या आसपास असे. त्याचे नमुने मुंबईहून विलायतेस गेले, आणि १७९५ सालीं जॉर्ज पिअर्सननें रॉयल सोसायटीपुढें त्यावर निबंध ठेवला. त्यानें त्याला 'वूट्झ' म्हटलें आहे. पुढें १८१९ पासून मायकेल फॅरडे आणि स्टोडार्ट नांवाचा लंडनचा एक सुऱ्या करणारा असे दोघे त्याचें रहस्य शोधूं लागले. फॅरडेचा बाप लोहार. हा मुलगा मात्र पुस्तकें बांधावयाचें शिकला, बांधतां बांधतां तीं वाचूं लागला, आणि जगांतला मोठा शास्त्रज्ञ झाला.

"मग घावलं का त्याला?" मामांनीं विचारलें.

इतर मिश्र पोलादें त्यांनीं चांगलीं केलीं, पण ह्याचें रहस्य त्यांच्या हातीं पुरतें आलें नाहीं, असें आम्हीं सांगितलें. आणि ज्यांना तें येत होतें त्यांच्या भट्ट्या त्याच शतकांत विझत गेल्या. निबंध राहिले, करणारांपैकीं एकाचेंही नांव त्या निबंधांतून आम्हांस मिळालें नाहीं.

मामा भट्टीकडे पाहत होते. "बाप लोहार, आन् पोरगं पुस्तकं बांधायचं," ते म्हणाले. "बरं केलं त्यानं."

त्यांचा मुलगा तेव्हां आय.टी.आय. पुरी करून चाकणला गेलेला होता. तेथें एका कारखान्यांत गाड्यांच्या दांतेरी चाकांना पाणी देण्याच्या विभागांत त्याला काम मिळालें. भट्टी बंद पेटीसारखी, आंतला रंग कुणालाच दिसत नाहीं, आणि पडद्यावर आंकडे येतात. तो सुटीला येई तेव्हां कधींमधीं पंख्यापाशीं बसे, पण मामांनीं त्याला हातोडा घे म्हणून म्हटलेलें आम्हीं ऐकलें नाहीं. आम्हांस मात्र ते सांगत, बारीकसारीक सांगत, पुन्हा पुन्हा सांगत. हें आम्हांस कित्येकदां अवघड होई. बापानें मुलास द्यावयाचें तें परक्याच्या पदरांत पडत होतें, आणि तो परका असा, कीं ज्याचें त्यावांचून कांहींच अडत नव्हतें. एकदां आम्हीं हें बोलूनही दाखविलें. मामा म्हणाले, "त्याचं अडू नये म्हणून तर त्याला धाडलं."

त्यानंतर आम्हीं पुष्कळ सुऱ्या केल्या. त्या अधिक देखण्या आहेत; मित्रांच्या स्वयंपाकघरांत आहेत, आणि दोन तर कांचेच्या कपाटांत आहेत, हें त्या सुऱ्यांचें दुर्दैव. घरांत रोज वापरली जाते ती तिसरीच.

२०१९ सालीं, महापूर ओसरल्यावर दोन महिन्यांनीं मामा गेले. ऐरण भंगारवाला किलोच्या भावानें मागत होता. मुलगा ती टेम्पोंतून आमच्या अंगणांत घेऊन आला, आणि पैशाचें बोलणें त्यानें होऊं दिलें नाहीं. तेव्हांपासून तो दरवर्षीं खंडेनवमीला चाकणहून येतो. ऐरण धुतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो, आणि आमच्याकडे चहा घेऊन परत जातो. कारखान्यांतल्या भट्टीलाही त्या दिवशीं माळ घालतात, पण ती तेथील दुसरीं माणसें घालतात, असें तो सांगतो.

गेल्या वर्षीं सौभाग्यवतींनीं त्याच्यापुढें पेरू चिरून ठेवला. सुरी ताटलींतच राहिली होती. त्यानें ती उचलली आणि संवयीनें धारेवरून अंगठा आडवा फिरविला. मग मुठीजवळ, जेथें आम्हीं पॉलिश पेपर नीट फिरविला नव्हता, तेथें त्याचा अंगठा थांबला. तेथें नखाएवढी एक चंद्रकोर उमटलेली आहे.

"हा ठोका आण्णांचा," तो म्हणाला. सुरी त्यानें आमच्या हातांत दिली नाहीं. आपल्याकडची रीत म्हणून खालीं ताटलींत ठेवली, आणि पेरूची फोड उचलली.