नितळ पाण्यातला गळ

गळ टाकून बसणारा माणूस आळशी असतो, असे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आहे. त्यातून आमचे घर माळकरी. घरात मासा आला तो फक्त मत्स्यावताराच्या तसबिरीत. तेव्हा नोकरीतून निवृत्त झाल्यावर, केस पांढरे झाल्यावर, मी हाती गळ धरला हे जेव्हा हिला कळले, तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे ठेवीत म्हणाली, "पत्ते खेळला असतात तर काही बिघडलं असतं का?"

मी तिला समजावून सांगितले की, मासा खायचा नाही. धरायचा आणि सोडून द्यायचा.

"मग धरायचा कशाला?"

चौतीस वर्षे मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. मुलांच्या नाना तऱ्हेच्या प्रश्नांना उत्तरे दिली. पण या एका प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही.

खरे म्हणजे हे वेड लहानपणीचे. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, ज्यांचे बालपण गेले त्यांना पाणचक्कीचा हौद ठाऊक असेलच. शहराबाहेरच्या डोंगराकडून जमिनीखालच्या नळांतून आलेले ते पाणी, वर मोठे वडाचे झाड आणि हौदात संथपणे फिरणारे मासे. वडिलांच्या बोटाला धरून मी तेथे जाई आणि कठड्यावर ओणवा होऊन बघत राही. मी पुढे वाकलो की मासे दूर सरत. मागे सरलो की परत येत. मी त्यांना पाहतो आहे तसे तेही मला पाहताहेत, हा शोध मला तेव्हा लागला. प्रकाशाचा मार्ग उलटाही तोच असतो, हे जे मी पुढे फळ्यावर शिकवले, त्याची ती पहिली शिकवणी.

पण लहानपणचे वेड म्हातारपणी उफाळून यायला काहीतरी निमित्त लागते. ते निमित्त म्हणजे आमचे चिरंजीव. ते अमेरिकेत, ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरी असतात. आमचे फोनवरचे बोलणे बरीच वर्षे एकाच साच्याचे होते. "बरे आहात ना? औषध घेता ना? पाऊस पडला का?" यानंतर दोघेही गप्प. मग मी म्हणे, "थांब, आईला देतो." बाप आणि वाढलेला मुलगा यांच्यात बोलायला विषय नसतो, हे दुःख फारसे कोणी सांगत नाही, पण ते बहुतेक घरांत असते.

एका रविवारी तो सहज बोलून गेला, "बाबा, आज पहाटे मासे धरायला गेलो होतो." मी विचारले, "कुठे? तुमच्याकडे तर वाळवंट!" आणि त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो.

त्याच्या त्या तळ्याचे नाव लेक प्लेझंट. आग्वा फ्रिया नावाच्या नदीवर १९२७ साली बांधलेले जुने धरण होते. त्याच्या खालच्या अंगाला १९९४ साली नवे, कितीतरी उंच धरण झाले. गंमत अशी की, त्यात नदीचे पाणी थोडे आणि कालव्याचे फार. कोलोराडो नदीचे पाणी शेकडो मैलांच्या कालव्याने वाळवंट ओलांडून येते. हिवाळ्यात ते तळ्यात भरून ठेवायचे आणि उन्हाळ्यात काढून घ्यायचे. काठावर पुरुषभर उंचीचे, काही तर दुमजली घराएवढे निवडुंग. आणि पाणी इतके स्वच्छ की, दोन पुरुष खोलीवरचा दगड दिसावा. वर्षाचा पाऊस अवघा सात-आठ इंच! आमच्याकडे अठ्ठावीस इंच पडूनही २०१६ च्या उन्हाळ्यात नाथसागर मृतसाठ्यावर आला होता, हे मी त्याला सांगितले. तेवढेच आपलेही काहीतरी मोठे.

तेथे तो बास नावाचा मासा धरतो. हिरवट अंगाचा, मोठ्या तोंडाचा, दगडाआड दबा धरून बसणारा हा शिकारी. नितळ पाण्यात तो फार संशयी होतो, असे चिरंजीवांचे म्हणणे. म्हणून दोरी बारीक घ्यायची, आमिष लहान आणि तळ्यातल्या मासोळीच्या रंगाचे घ्यायचे, लांब फेकायचे आणि पहाटे किंवा सांजावताना जायचे. ऊन चढले की मासा खोलात उतरतो. मग शिशाचा गोळा तळाशी आणि गळ त्याच्या हातभर वर, अशी बांधणी करून रबरी गांडूळ जागच्या जागी नुसते थरथरवायचे.

मी ऐकत होतो आणि माझ्यातला मास्तर जागा होत होता. पुढच्या रविवारी मी त्याला फोनवर खिडकीचा धडा दिला. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. ही खिडकी सुमारे ९७ अंशांच्या शंकूची असते. तिच्या पलीकडे पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे त्याला आरसा. त्यात तळच उलटा दिसायचा. क्षितिजालगतच्या वस्तू खिडकीच्या कडेला चेपून बसतात. तेव्हा काठावर उभा राहिलेला माणूस माशाला दिसतो आणि उकिडवा बसलेला जवळजवळ दिसत नाही. "म्हणून बसून टाक," मी म्हणालो. दोरीचेही तसेच. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, साध्या नायलॉनचा दीडच्या वर आणि फ्लुरोकार्बनचा १.४२ च्या आसपास. जितका फरक कमी, तितकी दोरी पाण्यात विरघळल्यासारखी दिसेनाशी.

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "बाबा, शाळेत असताना हे असं का नाही शिकवलंत?"

त्यानंतर महिन्याभराने एक पार्सल आले. आत काठी, रीळ आणि एक डबी. डबीत चंदेरी चमचे, फिरक्या, रबरी गांडुळे आणि एक पोकळ रबरी बेडूक. त्या बेडकाचे दोन आकडे पाठीला चिकटून बसलेले, म्हणजे शेवाळात अडकू नयेत. हिने ती डबी पाहिली आणि म्हणाली, "एवढे पैसे घालून माणसं खोटं बोलायची हत्यारं बनवतात!"

आता जागेविषयी. नाथसागर आम्हांला जवळचा; पायाभरणी लालबहादुर शास्त्रींनी १९६५ साली केली आणि १९७६ साली इंदिराबाईंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. पाणी प्रथम पसरले तेव्हा मी वडिलांबरोबर पैठणला जाऊन ते पाहिले होते. पण ते आता पक्ष्यांचे अभयारण्य आहे; तेथे आपली लुडबूड नको. मी जातो तो एका लहानशा पाझर तलावावर. १९७२ च्या दुष्काळात, रोजगाराच्या कामावर, माणसांनी टोपलीटोपलीने माती वाहून तो बांधला. तलावाचे नाव मात्र सांगणार नाही. गळवाला माणूस स्वतःचा पगार सांगेल, पण जागा सांगणार नाही. मासेमारीचा ठेका ज्या सोसायटीकडे आहे तिला विचारून जातो, एवढे पुरे.

तेथे जाळे लावणारे एक म्हातारे गृहस्थ मला भेटले. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही. त्यांच्या आईने त्या बांधावर माती वाहिलेली. माझी काठी आणि रीळ पाहून ते म्हणाले, "मास्तर, ही तर पार डाक्टरची हत्यारं हायेत!"

आमच्याकडे बास नाही. पण त्याच स्वभावाची मरळ आहे. काळसर, लांबोडकी, सापासारख्या डोक्याची. शेवाळाच्या कडेला दबून बसणारी. तिला मधूनमधून वर येऊन हवा घ्यावी लागते, आणि तेथेच ती सापडते. पाण्यावर एक हलकासा 'बुळुक' आवाज झाला की मामा नुसती हनुवटी त्या दिशेला वळवीत. दिवाळीनंतर गाळ खाली बसतो, पाणी नितळ होते आणि तळाचे गोटे दिसू लागतात. त्या दिवसांत चिरंजीवांचे सगळे नियम येथेही लागू पडतात. बारीक दोरी, लहान चमचा, पहाटेची वेळ. पावसाळ्यात उलटे. पाणी चहासारखे, डोळ्यांचा उपयोग नाही, अंगावरच्या संवेदनेच्या रेषेने मासा हेलकावे ओळखतो. तेव्हा मोठा, खळबळ करणारा बेडूक हवा. आणि मरळीने बेडूक घेतला की लगेच हिसका द्यायचा नाही. मनात एक, दोन म्हणायचे, दोरीला वजन लागू द्यायचे आणि मग ओढायचे. हे 'एक, दोन' म्हणणे मला तीन वर्षे जमले नाही. तीन वर्षे मी लहानसहान मासे धरले आणि सोडले. मरळ एकही नाही. दर रविवारी तो विचारी, "मरळ?" आणि मी म्हणे, "पुढच्या खेपेला."

मार्चमधल्या एका रविवारी त्याने मला बासच्या घरट्यांविषयी सांगितले. वसंतात हा मासा उथळ पाण्यात येऊन शेपटीने तळ झाडतो. मादी अंडी घालून निघून जाते; नर राखण करीत राहतो. काही खात नाही, पण जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतो. म्हणूनच तो तेव्हा सहज सापडतो. "लोक धरतात आणि लगेच सोडतात," तो म्हणाला, "पण तेवढ्या दोन-चार मिनिटांत दुसरे मासे अंडी साफ करतात. मी नाही धरत." मी म्हणालो, "शाबास." अगदी वर्गात म्हणावे तसे.

जुलैत, दोन चांगले पाऊस झाल्यावर, तलावाच्या कडेला मला पाण्यावर एक नारिंगी झाक दिसली. ताटाएवढी. ती सरकत होती, मधेच फुटत होती आणि पुन्हा एकत्र येत होती. मरळीची पिले ती, शेकडो. त्यांच्याखाली कोठेतरी आईबाप असणार, हे मला ठाऊक होते. त्या झाकेवर बेडूक टाकला की मरळ हमखास येते, हे शहरातल्या एका तरुण गळवाल्याने मला सांगितलेलेही होते. मामा पलीकडच्या काठाला होते. मी उकिडवा बसलो. पहिल्याच फेकीत पाणी फुटले. मी एक, दोन म्हटले, आणि वजन लागले.

दोन किलोच्या वर असेल. काठावर आणली तेव्हा माझे हात थरथरत होते. मामा बांधावरून चालत आले, आधी मरळीकडे पाहिले, मग पाण्याकडे.

"लेकरांवरची हाय की, मास्तर."

पुढे ते काही बोलले नाहीत. आकडा कल्ल्यापर्यंत गेला होता. तो सोडवता सोडवता बराच वेळ गेला. मी तिला पाण्यात धरून ठेवले. ती एका कुशीवर कलली, मग हळूहळू खोलात गेली. नारिंगी झाक तोवर विखुरली होती, आणि तिच्याभोवती लहान लहान भोवरे उठू लागले होते. मी तासभर बसलो. ती झाक पुन्हा एकत्र आली नाही.

रविवारी मी त्याला सांगितले, "मरळ मिळाली!" तो आनंदाने ओरडलाच. किती मोठी, कोणत्या आमिषावर, किती मोजलेत, सारे विचारून झाले. मग थोडे थांबून म्हणाला, "पिलांवरची नव्हती ना?"

"छे, छे!" मी म्हणालो.

हिने स्वयंपाकघरातून वळून माझ्याकडे पाहिले. तिला मी काहीच सांगितले नव्हते. पण बेचाळीस वर्षांच्या संसारात अपवर्तन फारसे उरत नाही. तेव्हापासून फोन आला की मी पाऊस, औषध आणि नाथसागरात पाणी किती टक्के, यांवर बोलतो. तळ्याचा विषय निघाला की म्हणतो, "थांब, आईला देतो." तो दोनदा विचारून गेला, "बाबा, गळाला जात नाही का हल्ली?"

दरवर्षी हा अंक मी वेष्टनात बांधून त्याला पाठवतो. यंदाही जाईल. तो अंक शेवटच्या पानापासून वाचतो, आधी व्यंगचित्रे, मग भविष्य. तेव्हा या पानापर्यंत यायला त्याला थोडा वेळ लागेल. तर बाळ, ती पिलांवरचीच होती. बेडूक तूच पाठवलेला, हिरवा. तो मी मामांच्या नातवाला खेळायला दिला आहे, आकडे काढून. रविवारी फोन कर. इकडे पाणी आता निवळू लागले आहे.