हातचा एक



मूर्तिजापूरकडच्या आमच्या शाळेत गुरुजी बेरीज शिकवताना बजावत, "हातचा इसरू नको रे पोरा, उत्तर चुकते." पाढे, पावकी, निमकी पाठ झाली, हातचा मात्र निसटायचाच.

पुढे दिंडीचा हिशेब माझ्याकडे आला. एका वर्षी पंढरीच्या वाटेवर दहा रुपये कमी भरले. बाजार करणाऱ्या म्हाताऱ्या वारकऱ्याला मी चारचौघांत विचारलं. "म्या नाई घेतले, महाराज," एवढंच बोलून तो पंगतीतून उठला.

रात्री वही पुन्हा उघडली. डाळीचे ४७, तेलाचे ३८. बेरीज ८५ हवी, मी ७५ मांडली होती. हातचा राहिला होता.

देवगिरीवर एका पैच्या चुकीसाठी नाथमहाराजांनी रात्र जागवली, ही कथा मी अमरावती-अकोल्याच्या गावोगावी कीर्तनात सांगितली. नाथांनी चूक आपल्या वहीत शोधली. मी ती दुसऱ्याच्या खिशात शोधत होतो.

पहाटे काकड्याला सगळ्यांसमोर चूक कबूल केली, त्याचे पाय धरले. तो म्हणाला, "चला महाराज, उशीर होते."

त्यानंतर नाथांची कथा लावली, की माझी बेरीजही सांगत असे. हातचा दहाचाच होता. पण त्या रात्री एक वारकरी उपाशी निजला होता.