ओवलेल्या दहा सुया

निवृत्त शिक्षिका रस्त्यात भेटली की गावातली माणसे एकच प्रश्न विचारतात, "काय बाई, आता वेळ कसा जातो?" पुरुषांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही. पुरुष पेन्शनीत गेला की त्याला विसावा मिळाला म्हणायचे, आणि बाई पेन्शनीत गेली की तिला घर खायला उठत असणार असे समजायचे! पूर्वी मी लांबलचक उत्तर देत असे. आता "गोधडी शिवते" एवढेच सांगते. ऐकणाऱ्याचा चेहरा जरा पडतो. त्याला तीर्थयात्रा, निदान भजनी मंडळ तरी अपेक्षित असते.

आमचे बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, दोन हजार फुटांवर वसलेले. खाली मलकापुरात अंग भाजत असले तरी राजूर घाट चढून वर आले की वारा लागतो. गावात अजून रेल्वे नाही, त्यामुळे इंजिनाच्या शिट्टीने कोणी जागे होत नाही. दिवाळीच्या सुमारास पहाटे चांगला गारठा पडतो, आणि त्या गारठ्यात आमच्याकडे कॉफी होते.

आमच्या लहानपणी चहा रोजचा असे. कॉफी उपासाची, नाहीतर पाहुण्यांची. निवृत्तीनंतर ती आमच्या घरी रोजची झाली, कारण करणारा बदलला. चाळीस वर्षे चहाचे आधण मी ठेवले; आता कॉफी हे करतात. जन्म हिशेबखात्यात गेल्यामुळे जायफळसुद्धा मोजून. किसणीवर चार वेळा घासायचे, पाचव्यांदा नाही. पाचव्याने दिवसा झोप येते असे त्यांचे मत आहे. कॉफी म्हटली की आपल्याला म्हैसूरकडचे डोंगर आठवतात; पण आपल्या वऱ्हाडात, चिखलदऱ्यालाही, कॉफीची झाडे आहेत बरे का. मी मुलींची सहल घेऊन गेले होते तेव्हा दोघी-तिघींनी ती लाल फळे बोरे समजून तोंडात टाकली होती!

कपबशा विसळून झाल्या की हे माझ्या सुया ओवायला बसतात. दहा सुया, दिवसभराच्या. सुईचे नेढे सत्तरीत कोणालाच धड दिसत नाही, पण माझे कारण आणखी एक आहे. मला काचबिंदू आहे. मोतीबिंदू काढता येतो, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली राखायची, एवढेच हाती असते. आणि ही नजर जाते ती कडेकडेने. समोरचे नीट दिसते, बाजूने कोणी येऊन उभे राहिले तर कळत नाही. डॉक्टरांनी हे समजावून सांगितले तेव्हा मला एकदम गोधडीच आठवली. तिचेही टाके कडेपासून सुरू होतात आणि फिरत फिरत मध्याकडे येतात.

"अहो, दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की गुंता होतो."

"अगं, लांब घेतला म्हणजे ओवाओवी कमी."

हिशेब त्यांचा बरोबर असतो, अनुभव माझा. शेवटी दोरा दीड हात होतो.

गोधडी पुण्याला शिकणाऱ्या नातीसाठी आहे. तळाला माझी शाळेत नेसायची सुती पातळे. मधल्या पदरात सासऱ्यांची धोतरे, ती झिजून मऊसूत झालेली. वर यांच्या कचेरीतल्या सदऱ्यांचे चौकोन. नुसता धावदोरा. साखळी टाका, उलटी टीप, काजे हे सगळे मी मुलींना शिकवले, पण गोधडीला त्यातले काही लागत नाही. लागते ती सरळ ओळ. माझी ओळ अलीकडे डावीकडे कलते. कलू दे.

शहरांतल्या प्रदर्शनांत हल्ली गोधड्या मोठ्या किमतीला जातात. शिवणारीच्या हाती चार पैसे पडत असतील तर आनंदच आहे. पण त्यांना 'छंद' म्हणतात ते मात्र मला रुचत नाही. माझ्या आईने गोधड्या शिवल्या त्या पाच मुले थंडीत कुडकुडू नयेत म्हणून. भांडी झाल्यावर, दुपारी, भिंतीला पाठ न टेकता. शेजारी कॉफीचा पेला नव्हता, सुया ओवून देणारे तर कोणी नव्हतेच.

आई खामगावची, स्टेशनाजवळ वाढलेली. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकला. लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आला होता. कापूस तिकडे जायचा आणि कापड इकडे यायचे. आमच्या पणजीने वेचलेले बोंड धोतरजोडी होऊन तिच्याच दारात विकायला आले असेल की काय, कोण जाणे!

आईचे एक नऊवारी लुगडे माझ्या ट्रंकेत आहे, गर्द हिरवे, लाल काठाचे. तेवीस वर्षे कडुलिंबाच्या पाल्यात जपले. गोधडीच्या मधोमध हातभर चौकोन मी त्याच्यासाठी मोकळा ठेवला आहे. धाकटी बहीण फोनवर रागावली. "आईची तेवढीच आठवण उरली, तीही फाडतेस?" तिचे चुकते असे नाही. पण परवा लुगडे उलगडले तर घडीवर ते विरू लागलेले. घडी घालून ठेवलेले सूत आपोआप चिरते. अंगावर घेतलेले झिजते, पण उबेला पडते. शिवाय मला नातीला काठ कुठून कसा येतो ते दाखवायचे आहे, माझ्या डोळ्यांनी पाहून, नुसते हाताने चाचपून नव्हे.

काल सुया ओवून झाल्यावर मी ट्रंक उघडली. लुगडे ओसरीवर पसरले, खडूने रेघ मारली. यांनी कात्री आणून दिली खरी, पण हातातून सोडीनात.

"आज राहू दे का?" ते म्हणाले.

"नको," मी म्हटले, "आज ऊन चांगले आहे."